उंबऱ्यावरचं पान

९ मे, शुक्रवार. अल खर्ज
तापमान ४२.

ही वही मुळात कोल्ड स्टोअरची. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात तापमान, तिसऱ्यात सही. गुरुनाथदादांनी टाकाऊ गठ्ठ्यातून काढून दिली. म्हणाले, "तुझं पणजोबापुराण यात लिही बाबा. माझं डोकं खाऊ नको." दादा इस्लामपूरचे, खोलीतले सगळ्यात जुने. बावीस वर्षं झाली त्यांना इथे. त्यांचं ऐकावं लागतं. रकाना आहेच तर तापमान भरतो.

मी समाधान मेस्त्री, गाव कुडाळजवळ. आयटीआय दीड वर्ष केलं, मग एका दशावतारी कंपनीच्या पेट्या उचलत फिरलो, मग गोवा, मग पुणे, मग कुठे कुठे. आता इथे डेअरीत कूलिंगवाल्यांचा हेल्पर. वाळवंटात हजारो गायी, आणि त्यांच्या डोक्यावर पंखे आणि पाण्याचे फवारे. गायी आमच्यापेक्षा सुखात आहेत. परवा एक गाय मला बघून हसली, शप्पथ. असो.

पणजोबांचं लिहितो. बाळाराम मेस्त्री, सुतार. १९४७ साली मुंबईहून बोटीत बसले आणि इकडे पूर्वेच्या किनाऱ्यावर तेलवाल्यांच्या छावणीवर आले. तेव्हा इथे वाळू, समुद्र आणि तंबू. पहिल्या खेपेच्या लोकांनी खुंट्या ठोकल्या म्हणून आज शहरं दिसतात. छावणी सुटल्यावर ते कतीफला गेले. शेवटचं पत्र १९५२ चं. त्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. "येथे खजुरीचे बागेत राहतो. दारे नीट करण्याचे काम बरे आहे. तुळसा शाळेत जाते का ते कळवावे. खजूर उतरला की येतो."

आले नाहीत.

गावात कोण म्हणतं बुडाले, कोण म्हणतं तिथेच बाई केली आणि वस्ती करून राहिले. मला दुसरं खरं वाटतं. म्हणजे इकडे माझे काके, चुलतभाऊ असतील! अरबी बोलणारे मेस्त्री!

उरलेलं उद्या. जेवण आलं.

१४ मे
तापमान ४१.

उद्या म्हटलं आणि पाच दिवस गेले.

तुळसाआतेचं लिहायचं राहिलं. ती बाळारामांची मुलगी, माझ्या आजोबांची बहीण. वय एक्क्याऐंशी. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच. बाप बोटीत बसला तेव्हा ती तीन वर्षांची. आमच्या घरात सर्वपित्रीला म्हाळ घालतात तेव्हा पितरांची पानं आत, ओळीत. जेवणाऱ्यांची पानं बाहेर, पडवीत. बाळारामांचं पान उंबऱ्यावर. मेला म्हणून कळलं नाही म्हणून आत नाही, आणि जेवायला बसलेला नाही म्हणून बाहेर नाही. त्या पानावर कावळ्याला बोलवत नाहीत. संध्याकाळपर्यंत तसंच ठेवतात आणि मग गाईला घालतात. त्र्याहत्तर वर्षं हेच चाललंय. लहानपणी आम्ही त्या पानाला ओलांडून आतबाहेर करायचो आणि शिव्या खायचो.

भटजी म्हणतात, अशांसाठी पळसाच्या पानांचा माणूस करून जाळायचा, की मोकळा होतो. सगळे तयार आहेत. आते तयार नाही. निघताना मला म्हणाली, "मेलो ह्या कळल्याबिगर मी माझ्या बापाशीक जाळूचंय नाय. तू तिकडे जातस ना? बघ काय तां. हाडूक गावना नाय तर नाय, पण खबर घेवन ये."

माझी सुट्टी १० जुलैला मंजूर आहे, दोन महिन्यांची. तोपर्यंत खबर काढायची, यंदाच्या म्हाळाला एक तरी पान जागेवर लागेल. आत किंवा बाहेर. आतेचा दम आता पायऱ्या चढताना लागतो, म्हणजे पुढच्या वर्षाचं काही खरं नाही.

खूण एकच. आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर, अगदी खाली, बिजागरीकडच्या कोपऱ्यात, बाळारामांनी कोरलेलं कासव आहे. अंगठ्याएवढं. बाबा सांगायचे, सुतारानं आपली सही घरधन्याच्या नजरेला आणू नये, खाली करावी, केर काढणाऱ्या बाईलाच दिसावी. त्यांनी जिथे दार केलं तिथे कासव असणार.

बायकोला, स्वप्नालीला फोन केला. सगळं ऐकून म्हणाली, "कासव बघ, नायतर आणि काय बघ. धा जुलैचा तिकीट बघ आधी." मग तिनं आमच्या अवनीला फोन दिला. चार वर्षांची आहे, फोनवर नुसती मान हलवते.

७ जून, शनिवार. कतीफ
तापमान ४४, पण इथे दमट. कोकणासारखं. अंगाला चिकटतं तेव्हा बरं वाटलं.

ईदची आठ दिवस सुट्टी. दादा म्हणाले, "झोप काढ." मी बस काढली.

जुनी वस्ती जवळजवळ राहिलेलीच नाही. एका म्हाताऱ्या न्हाव्याला मोबाइलवरचं कासव दाखवलं, त्यानं मला खायला खजूर दिला आणि दाढी करून दिली. मी मागितली नव्हती. चहावाला मल्याळी. तो म्हणाला, जुनी दारं बघायची तर खजुरीच्या बागांत रहमतुल्लाचं आवार आहे, तिकडे जा.

आवार म्हणजे चारी बाजूंनी खजूर आणि मध्ये दारंच दारं. भिंतीला टेकवलेली, एकावर एक रचलेली, उन्हात उताणी पडलेली. रहमतुल्ला पठाण, साठीचा. पाडलेल्या घरांची दारं घेतो, साफ करून हॉटेलांना विकतो.

"दरवाज़ा लेगा?"

"नहीं चाचा, देखेगा."

"देखने का भी चाय पीना पड़ता है. बैठो."

चहा झाला. मी गुडघ्यावर बसून एकेक दार खालून बघायला लागलो. पहिलं, दुसरं, दहावं. मग माझ्या लक्षात आलं. प्रत्येक दाराची खालची कड नवी कोरी, सरळ कापलेली.

"चाचा, ये नीचे का?"

"काट देता है. एक बालिश्त सबका काटता है. नीचे से नमक खाता है, दीमक खाता है. होटलवाला सीधा किनारा मांगता है." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "क्यों, तेरा कुछ गिरा है उधर?"

त्रेसष्ट दारं बघितली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट वीतभर कमी.

वही बंद करून तिथेच बसलो. वर खजुराचे हिरवे घड लटकत होते, जाळ्या बांधलेले.

१३ जून
रहमतुल्ला म्हणतो, माल अजून येतो, न कापलेला. महिन्याला चारपाच घरं पडतात. थांबलास तर बघशील. पण परवा ड्युटी.

दादांचा फोन. "रविवारी हजर हो. मुदीरसाहेबाचं डोकं फिरलंय, दोन पोरं आजारी आहेत."

"येतो हो दादा."

"तुझ्या येतोला खुंटी नाही, म्हणून सांगतोय."

१७ जून, मंगळवार. जेद्दा
तापमान माहीत नाही.

हो, जेद्दा. रविवारी खर्जच्या बसला निघालोच होतो. स्टँडवर तल्हाचा फोन आला. तल्हा दापोलीकडचा, इथे पाण्याचा टँकर चालवतो. आमची ओळख फेसबुकवर, कोकणी माणसांच्या ग्रुपात मी कासवाचा फोटो टाकला होता तेव्हाची. म्हणाला, "अरे भाऊ, इकडे जुन्या जेद्द्यात एक घराणं आहे, आडनाव नज्जार, म्हणजे सुतार. मूळ कोकणातलं! बुधवारी म्हातारा भेटेल, मग तो गावाबाहेर जातो." मी समोर बघितलं तर खर्जची बस आणि जेद्द्याची बस शेजारी शेजारी. आता याला काय म्हणायचं?

वीस तास बसमध्ये. खिडकीतून उंट बघितले. मुदीरला मेसेज टाकला, ताप आहे म्हणून.

१८ जून
म्हातारा देवमाणूस. मांडीला मांडी लावून जेवायला बसवलं. तल्हा मध्ये बसून अरबीचं कोकणी करत होता. भिंतीवर त्यांच्या घराण्याचं झाड, काचेत. सात पिढ्या. सगळ्यात खाली जो माणूस, तो दाभोळहून हजच्या जहाजावर सुतार म्हणून आला आणि परत गेला नाही. साल १३०९ हिजरी.

तल्हानं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे आपले अठराशे एक्क्याण्णव-ब्याण्णव. तुझे पणजोबा तेव्हा?"

"जन्मलेपण नव्हते."

म्हातारा काहीतरी बोलला. तल्हा म्हणाला, "विचारतायत, तुमचं झाड कुठे आहे?"

मी मोबाइलमधलं कासव दाखवलं. त्यांनी ते मोठं करून बराच वेळ बघितलं आणि फोन दोन्ही हातांनी परत दिला. 

बाहेर आल्यावर तल्हा म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको. दरिया बघूया?" दरिया बघितला. छान आहे. दोन दिवस राहिलो. मग अजून तीन.

३० जून, सोमवार. परत कतीफ
दादांचा फोन. "कुठे आहेस?"

"येतोय दादा, इकडे एक घर पाडतायत, त्याची दारं…"

"समाधान, ऐक. कंत्राटदारानं हुरूब टाकला तुझ्यावर. पळून गेला म्हणून. सिस्टीमला लागलं. आता तुझा राहायचा इकामा म्हणजे नुसता कागद."

"पळालो कुठे? मी तर इथेच आहे."

"इथे म्हणजे कुठे? ड्युटीवर नाहीस ना?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी मुदीरचे पाय धरलेत. या आठवड्यात ये, हातापाया पडू. काढून घेतील. उशीर झाला तर तरहीलची कोठडी, मग बोटांचे ठसे आणि हाकलपट्टी. आणि दहा तारखेच्या तिकिटाला खलास म्हण."

येतो म्हटलं. गुरुवारी जातो. घराची दारं बुधवारी यायची आहेत.

५ जुलै
बुधवारी आली नाहीत. शनिवारी आली. चार दारं. चारही खालून आधीच कुजून गेलेली, हातात भुसा आला. दादांना फोन केला, उचलला नाही.

११ जुलै
काल विमान गेलं असणार. सकाळी दहाचं होतं. मी तेव्हा एका दाराचे खिळे काढत होतो.

रहमतुल्लानं काम दिलंय. आमच्या घरचा रंधा माझ्या हातात आहेच, बाबांनी मारून मारून शिकवलेला. राहायला बागेतच खोली, छपरावर झावळ्या. करार असा की न कापलेलं दार आलं की आधी मी खालून बघणार, मगच करवत. रहमतुल्ला म्हणाला, "ठीक है. पहले तेरा बाप-दादा, फिर करवत." त्याच्याकडे अजून एक कापणारा आहे, नेपाळी, बोलत नाही, त्यालाही खुणेनं सांगून ठेवलं.

स्वप्नालीला सांगितलं, सुट्टी पुढे गेली. ती म्हणाली, "कितकी फुडे?"

"थोडी."

"अवनीन दारार चित्र काढल्यान विमानाचा. पुसू काय ठेवू?"

ठेव म्हटलं.

२२ जुलै
तापमान ४७. मोजायचं यंत्र नाही, रहमतुल्लाच्या गाडीत दिसतं.

आतापर्यंत न कापलेली एकोणीस दारं बघितली. मिठाचा थर खरवडायचा, मग ओला फडका, मग बोटानं चाचपायचं. एकावर चांदणी होती. एकावर कुणीतरी खिळ्यानं नाव लिहिलेलं, अरबीत. रहमतुल्लानं वाचलं, "ज़हरा." कुणी पोरीनं लिहिलं असेल, बसल्या बसल्या. तेही कापलं गेलं. ठेवून काय करणार?

कापलेले तुकडे चहाच्या चुलीत जातात. जुनं सागवान, मलबारचं. धूर गोड येतो.

१ ऑगस्ट, शुक्रवार
आज कोळंबीचा हंगाम उघडला! चहावाला मल्याळी म्हणाला, बंदरावर चल, मजा असते. सकाळीच गेलो. काय ते! शेकडो बोटी, माणसं नाचतायत, टोपल्याच्या टोपल्या. आमच्याकडे नारळीपौर्णिमेला असतं तसं, फक्त नारळ नाही. एका बोटीवर चढलो, जाळं ओढायला हात लावला, त्यांनी मूठभर कोळंबी दिली. अवनीला दाखवायला व्हिडिओ काढला. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. जेवूनच परत आलो, तीन वाजले असतील.

२ ऑगस्ट
काल मी बंदरावर असताना एक ट्रक आला होता. नऊ दारं. रियाधच्या हॉटेलला घाई होती. रहमतुल्ला नमाजाला गेलेला. नेपाळ्यानं नऊच्या नऊ कापली.

आज सकाळी चहा पिताना रहमतुल्ला म्हणाला, "कल एक टुकड़े पे कुछ बना था. छोटा सा. मेंढक होगा. मैंने सोचा तू देख के गया है."

"मेंढक? चार पैर? गोल पीठ?"

"अरे पता नहीं भाई. चूल्हे में था, आधा जला हुआ. मेंढक, कछुआ, क्या फर्क है, दोनों के चार पैर."

मी चूल उपसली. राख चाळली. काही नव्हतं. नऊ दारं तर पहाटेच गेली होती, रंग लावून. कुठल्या घरातून आली ते ट्रकवाल्याला विचारलं. तो म्हणाला तीन-चार घरांतली मिसळलेली, घरं गेली.

रहमतुल्ला दिवसभर माझ्याशी हळू बोलत होता. संध्याकाळी म्हणाला, "मेंढक ही था यार. मैं बूढ़ा आदमी, मेरी आंख का क्या भरोसा."

आतेला काय सांगू? बेडूक होता?

काही सांगितलं नाही.

१९ ऑगस्ट
इकामा काल संपला. सिम बंद झालं. रहमतुल्लाच्या फोनवरून, त्याच्या वायफायवर असताना बोलतो. दादांना एकदा लावला, म्हणाले, "अजून वेळ गेली नाही. तरहीलला स्वतःहून जा. महिनादोन महिने आत, मग घरी तरी पोचशील." बरोबर आहे त्यांचं. जाईन. या आठवड्यात दारं बरीच आहेत.

दादांनी विचारलं, "पोरीचा आवाज ऐकतोस का रे?" मी म्हटलं हो. ऐकतोच की, व्हिडिओतून.

२८ ऑगस्ट
नवीन कल्पना माझी. वीतभर कापल्यावर दार बुटकं होतं, गिऱ्हाईक कुरकुरतं. मी खालून जुन्याच लाकडाची पट्टी जोडून देतो, सांधा दिसत नाही. पहिल्या पट्टीवर गंमत म्हणून कोपऱ्यात कासव कोरलं. घरच्यासारखंच. हात आपोआप चालला. रहमतुल्ला खूश. "ये अच्छा है! टूरिस्ट पूछेगा, बोलूंगा पुराना निशान है, सौ साल का. सब पे बना."

आता सगळ्यांवर करतो. आतापर्यंत एकतीस झाली. रियाधला गेली, जेद्द्याला गेली, कुठे कुठे. बाबांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, शेवटी हाताला वळण लागलं.

१४ सप्टेंबर, रविवार
स्वप्नालीशी बोललो. पंधरा मिनिटं, म्हणजे बरंच. आते आता झोपूनच असते, उठवून बसवली की बसते. म्हाळ पुढच्या रविवारी. भटजींनी परत विचारलं पळसाचं. आतेनं परत नाही म्हटलं.

"ती इचारता, काय गावला?"

"सांग, शोधतोय."

"आणि तू कधी येतलस? खराच सांग."

"अगं, इथे बरं आहे. बागेतच खोली आहे, गार असते. दारं नीट करायचं काम, हातचंच. अवनीला शाळेत घातलीस का ते सांगितलं नाहीस. खजूर उतरला की येतो, आता उतरायलाच लागलाय."

 मला वाटलं रेंज गेली. हॅलो हॅलो केलं.

"आसंय हयच," ती म्हणाली. मग म्हणाली, "फोन ठेव." आणि स्वतःच ठेवला.

कशाचा राग आला कोण जाणे. नीट तर बोलत होतो.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री
तापमान ३९. उतरायला लागलं.

सकाळपासून खजूर उतरवायला बागवाल्यांना मदत केली. वर चढलेला माणूस घड दोरीनं सोडतो, खाली आम्ही झेलतो. हात चिकट झाले. दुपारी पाच दारं. पाचांवर कासव.

चार वाजता रहमतुल्लानं फोन दिला, स्वप्नालीचा आवाजी मेसेज होता. मागे भांड्यांचा आवाज, माणसं जेवायला बसलेली.

"म्हाळ झालो. आतेक उचलून भायर आणली, तिणा स्वतःच्या हातान वाढल्यान. कोणाक हात लावूक दिल्यान नाय. उंबऱ्यार दोन पानां मांडल्यान. भटजी कायतरी बोलूक गेले, तर म्हणाली, तुमी गप बसा, माका म्हायत आसा."  मग अवनीचा आवाज आला, "आई, ह्या दुसरा पान कोणाचा?" आणि मेसेज तिथेच संपला.

दोनदा ऐकला, अवनीच्या आवाजासाठी. चांगली बोलायला लागली.

दोन पानं का ते स्वप्नालीला विचारायचं राहिलं, रहमतुल्लाला फोन हवा होता. म्हातारीला आता मोजता येत नसेल. जास्तीचं वाढलं गेलं असेल. वाया जात नाही म्हणा, संध्याकाळी गाईला घालतात.